पैलवानाचा खुराक आणि घरचे धान्य

मागच्या माळेगावच्या यात्रेतली गोष्ट. मार्गशीर्षातली थंडी अंगात शिरत होती, खंडोबाच्या भंडाऱ्याने पायवाट पिवळी झाली होती आणि मी जनावरांच्या बाजारात लाल कंधारीच्या दावणी बघत फिरत होतो. लोहा तालुक्यातल्या या यात्रेला यायचे आणि लाल कंधारी न बघता परतायचे, हे माझ्याच्याने होत नाही. एका दावणीला अडीच वर्षांचा गोऱ्हा उभा होता. गडद तांबडा रंग, रुंद कपाळ, डोळ्यांभोवती काळी कड, वशिंड नुकते भरू लागलेले. मालक कंधार तालुक्यातले, पाच एकर कोरडवाहूचे धनी. मी म्हटले, "दादा, असला गोऱ्हा विकायला का काढला? वर्षभरात औताला लागेल."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "काय करावं साहेब, लेकरू पैलवानकी करायलंय. अठरा वर्षांचं हाय. तालमीतली पोरं म्हणतेत, पावडरचे डबे लागतेत, बदाम लागतेत. महिन्याला आठ-दहा हजार. सोयाबीनच्या पैशात हे होईना. गोऱ्हा गेला तर गेला, लेकरू तर उभं राहील."

पलीकडे कुस्त्यांच्या फडात हलगी वाजत होती. मी त्यांना चहाच्या पालात घेऊन गेलो. खिशातल्या बियाणे प्रक्रियेच्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी तासभर हिशेब मांडला. तोच हिशेब आज या सदरात मांडतो. नेहमी पिकांच्या खताच्या मात्रा सांगणारा मी आज पैलवानाच्या मात्रा सांगतो आहे, म्हणून वाचक मंडळींनी हसू नये. खुराक म्हणजे धान्य, डाळ, दूध आणि शेंगदाणा. हे सगळे आपल्याच रानात पिकते.

कुस्ती म्हटली की कोल्हापूर, हे आपल्या मनात बसले आहे. पण मराठवाड्याची मातीही यात कमी नाही. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब पहिल्यांदा दिला गेला तो १९६१ साली, आणि तो आखाडा होता औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. पुढे १९६९ साली लातूरला झालेल्या स्पर्धेत निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी ती गदा खांद्यावर घेतली. कोरडवाहू मुलखातला पोरगा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जाऊन घडला, रुस्तुम-ए-हिंद झाला आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत 'मामा' म्हणून त्याने दुसऱ्यांची पोरे घडवली. मामा २०११ साली गेले. त्यांच्या हाताखालून गेलेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक घेऊन आला. लातूर जिल्ह्याचेच काका पवार आज पुण्यात कात्रजला तालीम चालवतात. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली तेव्हा नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर होते आणि दोघेही काकांचेच चेले. लातूरचा पोरगा त्या दिवशी हरला खरा, पण हरला तो गुरुबंधूकडूनच.

ही सगळी घरे काही बदामाच्या बागा असलेली नव्हती. ज्वारीची भाकरी खाणारीच घरे होती. मी त्या दादांना पहिल्यांदा हेच सांगितले.

आता हिशेब. शरीराचे मांस ज्या घटकापासून बनते त्याला प्रथिने म्हणतात. पिकाला जसे नत्र, तसे शरीराला प्रथिन. खरे तर प्रथिनातही नत्रच असते. साध्या कामाच्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ग्रॅमपेक्षा थोडे कमी प्रथिन पुरते. तालमीत घाम गाळणाऱ्याला सव्वा ते दोन ग्रॅम लागते. दादांचा मुलगा ६० किलोचा. मध्यम आकडा धरून किलोमागे १.६ ग्रॅम घेतले तर दिवसाला ९६ ग्रॅम, म्हणजे शंभर धरा.

मी विचारले, "पोरगा भाकरी किती खातो?" म्हणाले, "दोन वेळच्या मिळून चार. मोठाल्या असतेत." एका मोठ्या भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले तर चारशे ग्रॅम ज्वारी झाली. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिन असते. चाळीस ग्रॅम इथेच झाले. दादा माझ्याकडे बघतच राहिले. भाकरीतही ताकद असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मग तुरीची किंवा मुगाची कोरडी डाळ शंभर ग्रॅम, म्हणजे दोन वेळेला घट्ट वरण. त्याचे बावीस. सकाळी भिजवलेले हरभरे दीड मूठ, कोरडे तोलले तर पाऊणशे ग्रॅम. त्याचे चौदा. शेंगदाणे एक मूठ, पन्नास ग्रॅम. त्याचे बारा. घरी म्हैस आहे. तिचे एक लिटर दूध धरले तर चाळीस ग्रॅम. बेरीज केली तर सव्वाशेच्या वर गेली. बदाम नाही, पावडर नाही.

इथे एक खुबी ध्यानात ठेवा. नुसत्या भाकरीवर हे चाळीस ग्रॅम अंगी लागत नाहीत. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, आणि शिजल्यावर ज्वारीचे प्रथिन पचायलाही जरा जड जाते. डाळीत लायसिन भरपूर, पण तिच्यात दुसरे एक-दोन घटक कमी. बैलजोडीतला एक बैल लंगडा असला तर औत त्याच्याच चालीने चालते. भाकरी आणि डाळ एका ताटात आली की दोन्ही बैल धडधाकट होतात. आपल्या आजीबाईंनी भाकरी-वरण, ज्वारीच्या कण्या आणि हुलग्याचे माडगे ही जोडी कुठल्याही पुस्तकाशिवाय लावली होती. आता घराघरांत काय होते? तूर विकली जाते, डाळ विकत आणायची म्हणून वरण पातळ होते, आणि पोराच्या ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा उरतो. घरच्या तुरीतली खाण्यापुरती पोती आधी बाजूला काढा, मग बाजाराची गाडी भरा. बाजारभाव चांगला असला म्हणजे हे जिवावर येते, मला ठाऊक आहे.

बदामाचेही सांगतो. बदाम वाईट नाही, पण शंभर ग्रॅम बदामात एकवीस ग्रॅम प्रथिन असते आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस. किमतीचा फरक तुम्हीच काढा. थंडाई घोटायचीच असेल तर भिजवलेले शेंगदाणे, थोडी खसखस, बडीशेप आणि चार मिरे कुंडीत घोटून दुधात घाला. वस्ताद नाराज होणार नाहीत. शेंगदाण्याला मात्र बुरशी लागलेली नसावी. काळवंडलेला, कडवट दाणा निवडून फेकून द्यावा, कारण त्या बुरशीचे विष यकृत बिघडवते.

आणि डब्यातली पावडर? पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी निथळते, ज्याला निवळी म्हणतात, त्यातले प्रथिन वाळवून ही पावडर बहुधा केलेली असते. आपण ते पाणी ओतून देतो. पावडर म्हणजे विष नव्हे, पण संजीवनीही नव्हे. एका मापात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिन मिळते, तेवढेच शंभर ग्रॅम फुटाण्यांत मिळते. शिवाय बाजारात नकली डबे फार. मोठ्या स्पर्धांच्या तयारीसाठी जो पोरगा शहरात राहतो, ज्याला स्वयंपाकाला वेळ नाही, त्याचे वेगळे. गावात, घरच्या म्हशीच्या शेजारी बसून डब्याला पैसे मोजणे मला पटत नाही.

सोयाबीनविषयी वेगळे सांगावे लागेल, कारण लातूर ही त्याची पेठ आणि आपले निम्मे खरीप त्याच्यावर उभे आहे. पोतीच्या पोती पिकवतो आणि चिमूटभर खात नाही. सोयाबीनमध्ये प्रथिन चाळीस टक्के, डाळीच्या जवळजवळ दुप्पट. पण इथे माझी फजिती सांगितलीच पाहिजे. परभणीला कृषी महाविद्यालयात असताना मीही लंगोट लावून तालमीत जात असे. पुस्तकात हा चाळीस टक्क्यांचा आकडा वाचला आणि हरभऱ्यासारखे कच्चे सोयाबीन भिजवून खायला लागलो. आठ दिवसांत पोट असे बिघडले की जोर मारायचे सोडून मी लोटा घेऊन फिरू लागलो. वस्ताद म्हणाले, "तुझ्या पदवीला पोट भ्यायलंय रे." कारण पुढे कळले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच मरतो. म्हणून सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाकावे आणि चांगले पंचवीस मिनिटे उकळावे. पाणी काढून टाकावे, उन्हात कडक वाळवावे, भरडून साल पाखडावी. नऊ किलो ज्वारीला किंवा गव्हाला हे एक किलो घालून दळून आणावे. भाकरीच्या चवीत फारसा फरक पडत नाही, आणि सगळ्या घराच्या ताटात प्रथिन वाढते.

एक कळकळीची सूचना. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यात आणू नका, जनावरांनाही घालू नका. ते घरात वेगळे ठेवा, पोत्यावर खूण करा. रात्री दिवा गेलेला असताना चुकीच्या पोत्यात हात जातो.

दूध. पैलवानाने धार काढल्या काढल्या उभ्याने दूध प्यावे, अशी जुनी रीत आहे. धारोष्ण दुधाचे वर्णन ऐकून तोंडाला पाणी सुटते. तरी मी सांगतो, उकळूनच प्या. गाई-म्हशींत सांसर्गिक गर्भपाताचा रोग असतो. सात-आठ महिन्यांची गाभण जनावरे त्यात गाभ टाकतात. त्याचे जंतू कच्च्या दुधातून माणसात येतात, मग महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप, सांध्यांत दुखणे, कंबर धरणे. पोराला वाटते कुस्तीत मार लागला. क्षयाचे जंतूही असेच येतात. उकळल्याने प्रथिन जात नाही. आणि कालवड किंवा पारडी चार ते आठ महिन्यांची असतानाच तिला या रोगाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते.

अंड्याचेही तेच. कच्ची अंडी फोडून घशात सोडण्यात मर्दुमकी नाही. कच्च्या अंड्यातले प्रथिन जेमतेम निम्मे अंगी लागते, उकडलेल्याचे दहातले नऊ हिस्से. ज्यांना चालते त्यांनी दोन-तीन उकडून खावी. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. दूध, ताक, डाळ आणि सोयाबीन यांवर मजबूत पैलवान उभा राहतो.

एवढा हिशेब झाल्यावर मी विचारले, "दादा, म्हशीचं दूध किती निघतं?" म्हणाले, "पाच लिटर. चार डेअरीला जातं, एक लेकराला." म्हटले, "घरात आणखी कोण आहे?" "मालकीण हाय. आन् धाकटी पोरगी, नववीत. तीबी कुस्ती खेळतो म्हणायलीय." "तिला दूध?" ते काही बोलले नाहीत. चहाच्या पेल्यात बघत राहिले.

हा प्रश्न मी घरोघर विचारतो आणि घरोघर अशीच शांतता असते. वाढत्या पोरीला प्रथिन तर हवेच, शिवाय तिला पोरापेक्षा लोह जास्त लागते. धाप लागणे, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी, फिकट ओठ ही रक्त कमी असल्याची लक्षणे. अशा पोरीला बैठका मारायला लावून काय उपयोग? शेवग्याचा पाला, करडईची भाजी, हाळीव आणि डाळ ताटात असू द्या, वर लिंबू पिळा, कारण लिंबाने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, चहाने ते अडते. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या कोनाड्यात पडू देऊ नका. २०२३ साली सांगलीत मुलींची महाराष्ट्र केसरी सुरू झाली आणि पहिली गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. हा रस्ता आता आपल्या मुलींनाही मोकळा आहे. आम्ही पत्रकावर लिहिले: तीन लिटर डेअरीला, एक लिटर मुलाला, अर्धा लिटर मुलीला, अर्धा लिटर घरात. दादांनी आकडा दोनदा वाचला. एक लिटरचे पैसे रोज कमी येणार होते, ते मी नाकारत नाही. पण महिन्याला आठ-दहा हजारांपुढे तो आकडा लहान होता.

आता मेहनतीकडे वळू. जोर, बैठका, सपाट्या, जोडी फिरवणे, हौद खणणे ही आपली जुनी मेहनत उत्तम आहे. मी तिला नावे ठेवणार नाही. पण दोन उणिवा दिसतात. एक, आकड्याचा हव्यास. हजार बैठका मारणारा दम कमावतो, पण ठरावीक संख्येनंतर ताकद वाढत नाही, गुडघे तेवढे झिजतात. ताकद वाढवायची तर ओझे वाढवावे आणि संख्या कमी करावी. रिकामे खताचे पोते स्वच्छ धुऊन त्यात वाळू भरा. पूर्ण भरू नका. युरियाचे पोते पूर्वी पन्नास किलोचे होते, २०१८ पासून पंचेचाळीसचे आहे. नवख्याने पंधरा किलो वाळूपासून सुरुवात करावी. पोते खांद्यावर घेऊन आठ-दहा बैठका, दोन-तीन मिनिटे विसावा, पुन्हा आठ-दहा. असे तीन-चार फेरे. दहा सहज होऊ लागल्या की दोन-अडीच किलो वाळू वाढवा. हेच पोते कवळ्यात धरून उचलले तर समोरचा गडी उचलण्याची सवय होते. मातीवरची कुस्ती कधी अर्धा तास चालते, गादीवरची तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत सहा मिनिटांत संपते. तिथे एकदम ताकद लावणारा हवा, नुसता दमदार पुरत नाही.

दुसरी उणीव ओढण्याची. जोरात आपण जमिनीला ढकलतो, बैठकीत उठतो. ओढण्याचे काम त्यात नाही, आणि कुस्तीत तर पट काढायचा, गडी ओढायचा. त्यासाठी लिंबाच्या मजबूत फांदीला लोंबकळून हनुवटी फांदीवर न्यावी, नाहीतर सोल बांधून दोर चढावा. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

वाढीच्या वयातल्या पोरांना भारी ओझे देऊ नका. गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो का? आधी रिकामे शिवाळ, मग हलके औत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या वजनाची मेहनत करावी, पोहावे, मल्लखांब करावा.

आणि विसावा. मांस मेहनतीत वाढत नाही, मेहनतीनंतरच्या झोपेत वाढते. आपल्या काळ्या रानाला पाणी दिले की वापसा येईपर्यंत आपण औत घालत नाही, घातले तर ढेकळे होतात. शरीराचेही तसेच. आठ तास झोप, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे चारला बैठका, ही ढेकळे करण्याची रीत झाली.

तालमीच्या मातीविषयी मृदाशास्त्र शिकलेला माणूस म्हणून दोन शब्द. काळी चिकणमाती हौदाला चालत नाही, ती वाळली की दगड आणि भिजली की चिखल. तांबडी माती चाळून, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवतात, ते बरोबर आहे. शेण किंवा गोठ्याजवळची माती मात्र मुळीच घालू नका. त्यात धनुर्वाताचे जंतू असतात आणि पैलवानाच्या अंगावर रोज ओरखडा असतो. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. ज्याला गजकर्ण झाले असेल त्याने बरे होईपर्यंत हौदात उतरू नये, नाहीतर सगळ्या तालमीला होते. आणि ज्या दिवशी पोराने कापसावर किंवा तुरीवर फवारणी केली त्या दिवशी त्याला तालमीला सुट्टी. अंघोळ करून कपडे बदलून त्याने घरी बसावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नसू.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत की त्या सांगताना माझा हात जड होतो.

पहिली वजन तोडण्याची. काही वर्षांपूर्वी निलंगा भागात एका निवड कुस्तीला मी हजर होतो. चैत्र संपत आलेला, ऊन रणरणत होते. एक पोरगा तीन किलो जास्त भरत होता. त्याने आदल्या रात्रीपासून पाणी तोडले होते, अंगाला प्लास्टिक गुंडाळून तो सकाळपासून धावत होता. वजन भरले. तासाभराने आखाड्यात उतरला आणि कोणी हात लावायच्या आत खाली पडला. डोळे फिरले, घाम बंद, अंग तव्यासारखे. आम्ही त्याला जीपमध्ये घातले, ओली फडकी अंगावर टाकत दवाखान्यात नेले. चार दिवस सलाईन लागले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर ताण आला आहे. पोरगा वाचला, पण कुस्ती सुटली. अमेरिकेत १९९७ साली महिन्याभरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर असेच वजन तोडताना गेले, तेव्हा तिथले नियम बदलले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली आणि शंभर ग्रॅमसाठी बाद झाली, हे तर सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले. रात्रभर धडपड करूनही ते शंभर ग्रॅम गेले नाहीत. म्हणून आपला वजनगट हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा. वजन कमी करायचेच तर आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबाने, भाकरी आणि तूप थोडे घटवून करा, पाणी तोडून कधीही नाही. उन्हाळ्यात मेहनतीच्या आधी आणि नंतर पाणी आणि मीठ घातलेले ताक पोटभर प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजा.

दुसरी गोष्ट सुईची. ताकद वाढवायला म्हणून तालमीच्या आणि जिमच्या आसपास इंजेक्शने विकली जातात. त्यातले मेफेंटरमाइन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार उतरला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात. धडधाकट पोराने ते टोचले की थकवा कळत नाही, हृदय मात्र बैल बुजल्यासारखे धावते. महाराष्ट्रात त्याचे साठे पोलिसांनी पकडलेले आहेत. दुसरी औषधे मांस फुगवणारी स्टिरॉइडे. त्यांनी पोरांचे वृषण आक्रसतात, यकृत आणि हृदय बिघडते, आणि मोठ्या स्पर्धेत लघवीच्या तपासणीत पोर पकडले गेले तर वर्षानुवर्षे बंदी येते. बापांनो, पोराच्या खोलीत सुई दिसली तर आरडाओरडा करू नका, त्याला घेऊन डॉक्टरकडे जा. पोराचे अंग महिन्याभरात भसकन भरले, चेहऱ्यावर आणि पाठीवर फोड आले, स्वभाव चिडका झाला, तर विचारपूस करा. माय-बाप विचारत नाहीत, कारण अंग भरलेले बघून त्यांना आनंदच होतो.

जाता जाता जुन्या पैलवानांसाठी एक वाक्य. मेहनत सुटली की खुराकही कमी करावा लागतो. आमच्या गावातले दोन नामी मल्ल चाळिशीत साखरेच्या आजाराने पछाडले. आखाडा सुटला होता, तुपाची वाटी सुटली नव्हती.

माळेगावला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोऱ्ह्याला तीन गिऱ्हाइके आली. दादांनी दर सांगितला तो असा की कोणी घेऊच नये. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी दावे सोडले आणि माझ्या हातातले पत्रक घडी करून टोपीत ठेवले.

संक्रांतीनंतर त्यांचा फोन आला. गोऱ्हा औताला लावायला सुरुवात केली होती. पोरगा बासष्ट किलोवर गेला होता आणि महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या कुस्त्यांना उतरणार होता. तक्रार एकच होती. "साहेब, ते सोयाबीन घातलेल्या पिठाला उग्र वास मारायलाय. पोरगी तर नाक दाबून खायलीय." मी विचारले, उकळले किती वेळ? म्हणाले, "पाणी खळखळलं की उतरवलं." दादा, पाणी खळखळायला लागल्यावर सोयाबीन टाकायचे आणि तिथून पंचवीस मिनिटे घड्याळ लावून मोजायची.